भागाक्काची झालर

मीरा रोडच्या पेणकरपाड्यात मंदाकाकूंच्या घरी कुणी पहिल्यांदा गेलं की दारातच थबकतं. फ्रिजच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून एक बाई जात्यावर बसलेली असते. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, एक पाय लांब केलेला, हात जात्याच्या खुंट्यावर. पाहुणा "नमस्कार आजी" म्हणतो, उत्तर येत नाही. मग जरा पुढे होऊन बघतो तेव्हा लक्षात येतं की आजी लाकडाची आहे. तोवर आतून मंदाकाकूंचा आवाज येतो, "ती आमची भागाक्का. बोलत न्हाई, पण ऐकते सगळं. बसा तुम्ही."

भागाक्का ही हलत्या देखाव्यातली बाहुली. पूर्वी गणपतीत मोठ्या मंडळांपुढे असे देखावे असायचे. कळ दाबली की राक्षस मान वळवी, बैल शेपटी उडवी, बाई दळण दळी, आणि ते बघायला माणसं पोरं खांद्यावर घेऊन रांगा लावीत. मंदाकाकूंचे यजमान महिपतकाका हे देखावे करायचे. तसे ते भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लेथवर कामाला. पण त्यांच्याच गावचे बाबाजी म्हणून एक सुतार होते, त्यांच्या हाताखाली काकांनी ही कला उचलली. पाऊस सुरू झाला की कारखान्यातून आल्यावर घराचाच कारखाना व्हायचा.

मंदाकाकू लांज्याकडच्या. लग्न होऊन आल्या त्या दिवशी माप ओलांडून आत पाऊल टाकतात तो समोर दोरीवर रंगवलेले हात वाळत घातलेले आणि फळीवर ओळीने मुंडकी. नव्या नवरीला घामच फुटला. सासू म्हणाली, "भियाचा न्हाय. ही सगळी आपलीच माणसं. कपडे नाहीत अंगावर, म्हणून अशी दिसतात." त्या बोलण्याने काकूंना आपलं काम सापडलं. पुढे सगळ्या बाहुल्यांचे कपडे त्यांनीच शिवले.

बाहुलीचा कपडा माणसाच्या कपड्यासारखा शिवून चालत नाही. कोपरात जास्तीचं कापड सोडावं लागतं, नाहीतर हात वर गेला की बाही ओढते आणि बाहुली अर्ध्यात अडते. पाठीला शिवण घालायची नाही, हूक लावायचे, म्हणजे काही बिघडलं तर कारागिराचा हात आत जातो. पदर खांद्याला खिळ्याने पक्का करायचा, पण खिळा दिसता कामा नये. हे कुणी शिकवलं नाही. एकेक कपडा फाटत गेला आणि काकू शिकत गेल्या.

बाबाजींचे दोन नियम होते. पहिला, देव हलवायचा नाही. देखाव्यात उंदीर हलेल, असुर हलेल, भक्त हलेल, देव मात्र जागच्या जागी. गणपती जागचा हलवायचा तो उत्तरपूजेनंतर, एकदाच, तो म्हणजे निरोप. यंत्राने रोज हलवला तर तो बसायचा कधी? दुसरा नियम झालरीचा. बाहुली ज्या लाकडी पेटीवर बसते त्या पेटीत सगळी दातेरी चाकं असतात. देवाच्या आसपास काहीही ठेवा, आपली माणसं त्यालाही नमस्कार करणार, फूल वाहणार, अक्षता टाकणार. एक दाणा दात्यात गेला की खेळ खलास. म्हणून पेटीला चारी बाजूंनी झालर पाहिजे. ते खातं मंदाकाकूंचं. लाल कापडाची, दुहेरी चुण्यांची, वरच्या काठाला दोरा ओवलेली झालर. ती लागली की काकू निर्धास्त होऊन मनसोक्त अक्षता टाकायच्या. पहिल्या दिवशी गणपतीची पूजा झाली की भागाक्कालाही हळदकुंकू, फूल आणि वर अक्षता. झालरीवरून ते तांदूळ खाली घरंगळायचे.

एकच गोष्ट काकूंच्या मनाला खात होती. भागाक्काचं जातं भरीव लाकडाचं होतं. त्याला तोंडच नव्हतं. सासू सांगायची, रिकामं जातं फिरवू नये, घराला बरं नसतं. आणि ही बाई तर दहा दिवस रिकामं जातं फिरवतेय.

"अहो, वरती एवढंसं भोक पाडा ना. चार दाणे घालीन."

"अगो, लाकडाचं जातं ते. त्याला कसली भूक?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"पुढच्या वर्षी पाडतो."

हे पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

मग दिवस पालटले. मंडळांनी मोठमोठे पडदे आणायला सुरुवात केली. पडद्यावर समुद्र उसळतो, गरुड उडतो, त्यापुढे दळणारी बाई कोण बघणार? तरी मीरा रोडच्या एका जुन्या मंडळाने भागाक्काला धरून ठेवलं होतं. शेवटच्या वर्षी ऐन आरतीच्या गर्दीत पेटीतली मोटर जळली. भागाक्का मान अर्धी वर करून तशीच थांबली. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, आजी हँग झाली!" सगळा मंडप हसला. महिपतकाका पेटीपाशी उभे होते. त्यांनी वायर काढली, भागाक्काच्या तोंडावर पदर ओढला आणि आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

पुढच्या वर्षी मंडळाचे लोक घरी आले, गोड बोलले. "काका, किती त्रास घेणार तुम्ही? आता आराम करा." भागाक्का टेम्पोतून घरी आली ती फ्रिजशेजारी बसली. कानस, पोगर, पाने अशी सगळी हत्यारं पिठाच्या रिकाम्या डब्यात गेली आणि डबा पलंगाखाली. काका गॅलरीतल्या खुर्चीत बसले. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, परत खुर्ची. भांडण नाही, तक्रार नाही. कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हाही ते असे बसले नव्हते.

काकूंचा रोजचा नेम मोठा. पहाटे अंघोळ, देवपूजा, हरिपाठ, तुळशीला पाणी. देवाकडे मागायचं नाही ही त्यांची शिस्त. पण त्या दिवसांत त्या शेवटचा नमस्कार करताना एक वाक्य जोडू लागल्या, "यांच्या हाताला काहीतरी दे." पैशाअडक्याचं नव्हे, काम दे. खुर्चीतून उठवण्यापुरतं.

संचिता म्हणून एक मुलगी मंडळातून पत्ता काढून आली ती एका गुरुवारी. काकूंचा उपास होता, त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मुलगी तिशीची असेल, खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट. दारात उभी राहिली आणि फ्रिजकडे बघून म्हणाली, "हीच ती!"

"हीच कोण?" काकूंनी विचारलं.

"काकू, मी मीरा रोडचीच. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून हिला बघायचे. ही दळता दळता थांबायची, वर बघायची आणि डोळे मिटायची. मला वाटायचं, हिने मलाच बघितलं. मी दर वर्षी खात्री करायला परत रांगेत."

संचिता सिनेमा करत होती. तिच्या सिनेमातला माणूस शंभर वर्षांपूर्वीचा. तंबू घेऊन कोकणात गावोगाव फिरायचा. आधी हलत्या बाहुल्या दाखवायचा, मग त्याच तंबूत हाताने फिरवायचं सिनेमाचं यंत्र आणलं. गोष्ट तिने रचलेली होती, पण ती म्हणाली की त्या काळी असं खरंच घडायचं. परदेशातला एक जादूगार होता, त्याच्या नाटकघरात चावीच्या बाहुल्यांचे खेळ व्हायचे, तोच पुढे सिनेमाकडे वळला. आपल्याकडे फाळक्यांनी कुंडीतल्या रोपट्याची रोज थोडी थोडी चित्रं घेतली आणि पडद्यावर वेल भराभर वाढवून दाखवला. "आम्ही आज कॉम्प्युटरवर जे करतो ना काकू, त्याचे आजोबा-पणजोबा हे. मला त्यांचं ऋण मान्य करायचंय. म्हणून माझ्या सिनेमातली बाहुली खरी हवी."

गॅलरीतून आवाज आला, "मोटर जळलीय तिची."

"मोटर नकोच काका. त्या काळी मोटर कुठली? हाताने फिरवायची."

खुर्ची करकरली. काका दारात आले. "पहिल्यांदा केली तेव्हा हँडलच होतं तिला. बाबाजींनी बसवलेलं. मोटर मागाहून आली, ट्रकच्या वायपरची." मग जरा थांबून, "कशाला हवीय हाताने? मोटरने काय, दिसायला सारखंच."

"सारखं नाही काका. सिनेमाचं यंत्रसुद्धा हातानेच फिरायचं. आणि गंमत बघा, त्यातली फिल्म सरळ धावत नाही. एक चित्र येतं, क्षणभर थांबतं, मग पुढचं. थांबलं नाही तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल."

"म्हणजे अंडं आहे त्यात."

"काय आहे?"

काकांनी बोटांनी हवेत अंड्याचा आकार काढला. "चाकाच्या मधे एक चाक असं. गोल नाही, अंड्यासारखं. फुगीर बाजू आली की मान उचलते, चपटी आली की मान थांबते. तुम्ही मगाशी म्हणालात ना, तुमच्याकडे बघितलं म्हणून? ते अंडं. नुसती हलत राहिली तर खेळणं. थांबली की माणूस."

"अगदी तस्संच काका! आमच्या यंत्रात अंड्याच्या जागी दुसरा आकार असतो, पण काम तेच."

"कुठला आकार? काढून दाखवा."

काकूंच्या हातातली मेथी तशीच राहिली. त्यांना अंडं कळलं नाही आणि तो दुसरा आकारही कळला नाही. एवढंच कळलं, की या माणसाने आज कित्येक महिन्यांनी कुणाला तरी प्रश्न विचारला. थोड्या वेळाने पलंगाखालून डबा ओढल्याचा आवाज आला.

पुढचे दिवस घरात लाकडाचा भुसा होता आणि काकूंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नवं हँडल बसलं. चाकांना तेल लागलं. काकूंनी भागाक्काला हिरवं लुगडं नेसवलं, अंबाड्यात नवं गंगावन घातलं. झालर धुऊन इस्त्री केली. तेवढ्यात संचिता बघायला आली आणि म्हणाली, "काकू, झालर नको. चाकं दिसायला हवीत. तीच तर माझी हिरॉईन."

"अगं, चाकं उघडी कशी ठेवायची?"

"त्या माणसाचा तंबू गरीब आहे काकू, झालर कुठून येणार त्याच्याकडे?"

काका म्हणाले, "त्यांचा सिनेमा, त्यांना ठरवू दे." काकूंनी झालर घडी करून ठेवून दिली.

चित्रीकरण चेण्याला होतं. घोडबंदर रोडवरून आत गेल्यावर मोकळं रान, तिथे फाटक्या कनातीचा तंबू ठोकलेला. भागाक्काला मधोमध बसवलं होतं. संचिताने ठरवलं होतं की हँडल फिरवणारा हात महिपतकाकांचाच दिसणार. सिनेमातल्या तंबूवाल्याचा हात म्हणून. चेहरा नटाचा, हात काकांचा. काकांनी घड्याळ काढून काकूंकडे दिलं. "त्या काळी नसेल घड्याळ," म्हणाले. मानेवरची शीर ताठ होती. काकूंना ती ओळखीची होती. मंडपात कळ दाबायच्या आधी अशीच व्हायची.

कामाला लागण्याआधी पूजा. सगळी व्यवस्था बघणारा सुभाष म्हणून एक जण होता, सतत फोन कानाला. तो ताट घेऊन आला. "काकी, आप ही कर दो ना पूजा. घरची बाई लागते, मी काय करणार?"

काकूंनी पदर खोचला. कॅमेऱ्याला कुंकू लावलं, हार घातला. सुभाषने नारळ फोडला. मग काकू भागाक्काकडे वळल्या. हळद, कुंकू, शेवंतीचं फूल, आणि सवयीने चिमूटभर अक्षता. चिमूट कसली, मूठभरच. दर वर्षीसारखी. भागाक्काच्या मांडीवरून तांदूळ घरंगळले. काकूंनी डोळे मिटून हात जोडले होते. ते कुठे घरंगळले हे त्यांनी पाहिलं नाही.

"शांतता! रोल!" कुणीतरी ओरडलं.

काकांनी हँडल फिरवलं. भागाक्का दळू लागली. खांदा पुढे, खांदा मागे, चोळीची बाही नीट सुटी. एक फेरा झाला, दुसरा झाला. मान वर यायला लागली आणि मधेच थबकली. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. काकांनी जोर दिला. कट् असा आवाज झाला आणि मान झटक्याने पुरती वर आली, डोळे उघडले, भागाक्काने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा जी अडली ती अडलीच. हँडल पुढे जाईना की मागे येईना.

"कट!"

मागे उभ्या असलेल्यांत कुणीतरी हळूच म्हणालं, "आजी अटक गई."

काकांचा हात हँडलवरच होता. तो त्यांनी सावकाश काढला.

कौस्तुभ पुढे आला. सिनेमातली कॉम्प्युटरची कामं तो बघायचा. सज्जन मुलगा. काकांच्या शेजारी उकिडवा बसला. "काका, टेन्शन नका घेऊ. दोन फेरे मस्त आलेत आपल्याकडे. पुढचं सगळं मी कॉम्प्युटरवर करतो. मान, डोळे, सगळं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"करा," काका म्हणाले. मग उठले, अंगातला सदरा झटकला. "जुनं झालंय ते सगळं. हात पण जुने झाले. घड्याळ दे गो. चल."

सुभाष म्हणाला, "काका, थांबा ना, गाडी सोडेल तुम्हाला."

काकूंनी घड्याळ पुढे केलं. पुढे करताना त्यांची नजर खाली गेली. उघड्या पेटीच्या फळीवर कुंकवाने लाल झालेले चार दाणे पडले होते. त्यांनी ताटातली वाटी पाहिली. रिकामी. फ्रिजशेजारची भागाक्का आणि गॅलरीतली खुर्ची त्यांना एकदमच दिसली. गाडीत बसलो की हा माणूस त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या वेळी देवाकडे काय मागायचं तेही उरणार नाही.

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. सगळ्यांनी वळून बघितलं. "तुमच्या हाताचं काही चुकलं नाही. चाकांचंही नाही. माझ्या अक्षता गेल्यात आत."

"अक्षता बोले तो?" सुभाषने विचारलं.

"तांदूळ," काकू म्हणाल्या. "झालर नव्हती. माझ्या ध्यानातच राहिलं नाही. हाताला सवय."

काका परत जाऊन पेटीपाशी मांडी घालून बसले आणि मागे न बघता हात पसरला. काकूंनी बांगडीत अडकवलेली पिन काढून त्या हातावर ठेवली. इतकं बिनबोभाट झालं की बाकीच्यांना कळलंच नाही काय मागितलं नि काय दिलं. काकांनी दात्यांत पिन घालून एक दाणा काढला. मग दुसरा, तो मधोमध चिरडलेला. तळहातावर घेऊन निरखत बसले. संचिता पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा बायकोवर तडकणार.

"बिचारी," काका म्हणाले. "एवढी वर्षं रिकामं जातं ओढत होती. आज पहिल्यांदा कुणी दळण घातलं, तेही खालनं."

आधी सुभाष हसला, मग सगळेच. काकूंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

संचिता मात्र हसत नव्हती. ती छोट्या पडद्यावर मगाचं चित्र पुन्हा पुन्हा लावून बघत होती. "काका, इकडे या. काकू, तुम्हीपण." पडद्यावर भागाक्का दळत होती, मान उचलत होती, मधेच अडत होती, आणि मग ती झटक्याने वर येणारी मान, ते डोळे. "हे बघा. दळता दळता हिला काहीतरी आठवलं, आणि तो आठव आवरता आला नाही. मी हे लिहूसुद्धा शकले नसते."

"अडलीय ती," काका म्हणाले.

"तो परदेशातला जादूगार सांगितला ना मी तुम्हाला? त्याची गोष्ट सांगतात. रस्त्यावर कॅमेरा लावून चित्र घेत होता आणि यंत्र मधेच अडकलं. त्याने खटपट करून परत सुरू केलं. नंतर पडद्यावर बघतो तर चालत्या गाडीच्या जागी एकदम दुसरीच गाडी. माणसं गायब, दुसरी हजर. खरं-खोटं कोण जाणे, पण सिनेमातल्या सगळ्या जादूची सुरुवात तिथून झाली म्हणतात."

काकांनी कान टवकारले. "मग काय केलं त्याने?"

"मुद्दाम अडकवायला शिकला."

"हां. मग बरोबर."

कौस्तुभ म्हणाला, "हेच मी कॉम्प्युटरवर करून देऊ शकतो, ताई. जिथे थांबायचं तिथे थांबवतो, झटका द्यायचा तिथे देतो."

काका त्याच्याकडे वळले. रागाने नाही, कारखान्यात बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं. "तुम्ही थांबवाल, तेव्हा ती थांबेल. पण इथे थांबायचं नव्हतं तिला. पुढे जायचं होतं, कुणीतरी धरली. माझा हात जोर लावत होता, तिची मान येत नव्हती, ते ओढणं दिसतंय त्यात. दिसतं की नाही?"

कौस्तुभने चित्र परत लावलं. दोनदा बघितलं. "दिसतं," तो म्हणाला. "पण तांदूळ टाकून परत तस्संच होणार नाही काका. दर वेळी वेगळीकडे अडेल."

"तांदूळ कशाला? तांदळाएवढी खुंटी बसवली तर?"

सुभाष मधे पडला. "काका, काय करायचं ते जेवणाच्या सुट्टीत करा. तंबू आजच उतरवायचाय, जागा उद्या दुसऱ्यांची आहे. नहीं हुआ तो कौस्तुभ है ही."

म्हणजे हाताशी होती ती जेवणाची सुट्टी तेवढीच. जमलं तर भागाक्का आपली आपण वर बघणार, नाहीतर तिचं बघणंही कॉम्प्युटर बघणार. काका ताट न घेताच कामाला लागले. खुंटी कशाची करायची? लाकूड पिचेल, लोखंड कापायला हत्यार नाही. ते इकडेतिकडे बघत होते. काकूंनी पूजेच्या ताटातली नारळाची अर्धी करवंटी उचलून पुढे केली.

"ही?"

काकांनी करवंटीवर नख मारून बघितलं. "ही," म्हणाले.

करवंटीची कपची काढली, घरून आणलेल्या डब्यातल्या कानशीने घासली. माप म्हणून काकूंनी बोटावर एक अख्खा दाणा धरून ठेवला होता. ती खुंटी मोठ्या चाकाच्या कडेला बसली. समोर एक पितळी पट्टी अशी लावली, की चाक फिरत आलं की खुंटी पट्टीला अडेल, हाताचा जोर वाढला की पट्टी वाकेल आणि चाक निसटून पुढे जाईल. कौस्तुभने पाने धरले, स्क्रू दिले. एकदा म्हणाला, "काका, पट्टीची वरची कड गोल करू या का? खुंटी पटकन सुटेल." काकांनी विचार केला आणि कड गोल केली.

पहिल्यांदा फिरवलं तर पट्टी फारच ताठ, भागाक्का जागची हलेना. कानस. दुसऱ्यांदा खुंटी निसटूनच गेली, मान नेहमीसारखी वर आली, जसं काही झालंच नाही. परत पट्टी पिळली. कनातीतून येणारं ऊन तिरकं होत चाललं होतं. सुभाष दर थोड्या वेळाने डोकावून "लाइट जातोय हा काका" म्हणत होता. काकूंनी मनात हरिपाठ धरला होता, पण कुठल्या अभंगावर होत्या ते त्यांना सांगता आलं नसतं.

"घ्या," काका शेवटी म्हणाले. घाम पुसून हँडलला हात लावला. मग काकूंकडे बघून, "तू हात मागे बांध."

"बांधले," काकू म्हणाल्या, आणि खरंच बांधले.

भागाक्का दळू लागली. एक फेरा, दुसरा. मान वर येता येता अडली. काकांच्या मनगटावरची शीर फुगली. कट्. मान वर आली. भागाक्काने पाहिलं. पापण्या सावकाश मिटल्या आणि ती परत दळायला लागली.

संचिताने "कट" म्हणायला वेळ लावला.

कौस्तुभ काकूंच्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "माझं काम कमी केलं काकांनी."

"वाईट नको वाटून घेऊ रे," काकू म्हणाल्या.

"वाईट कसलं काकू? आज पाने धरले मी, पहिल्यांदा."

सिनेमा अजून आलेला नाही. कधी येईल, कुठे दिसेल, हे संचितालाही नक्की माहीत नाही. ती मधून मधून फोन करते, पट्टीबिट्टीचं काही विचारायचं असलं की काकांना, नाहीतर काकूंना. भागाक्का परत फ्रिजशेजारी बसलीय. काकूंनी तिला झालर लावली, पण या खेपेला मच्छरदाणीच्या कापडाची, चुण्या घालून. आतली चाकं दिसतात आणि दाणा जात नाही. शेजारणी म्हणाल्या, "अहो मंदाकाकू, आजीला डास चावतात की काय?" काकू म्हणाल्या, "माझा हात मला माहीत आहे."

पिठाचा डबा पलंगाखाली गेला नाही. तो गॅलरीत आहे, खुर्चीवर. त्यामुळे काकांना बसायला तिथे जागा नाही. ते खाली फरशीवर बसून काही ना काही घासत असतात.

एका एकादशीला काकू पूजा आटपून बाहेर आल्या तर गिरमिटाचा आवाज येत होता. काका भागाक्काच्या जात्यावर वाकले होते. भरीव लाकडाला वरून गोल भोक पाडलं होतं, आणि दाणे खाली जाऊ नयेत म्हणून आत एक छोटी स्टीलची वाटी बसवत होते.

"अहो, आज एकादशी. तांदूळ नाही घालता यायचे," काकू म्हणाल्या.

"मग उद्या घाल. ती कुठे पळतेय?" काकांनी भुसा फुंकला. "पण वरनं घाल."

दुसऱ्या दिवशी द्वादशीला उपास सोडण्याआधी काकूंनी जात्याच्या तोंडात चार दाणे घातले. काकांनी हँडल फिरवलं. भागाक्का दळू लागली, आणि मान वर करता करता अडली. ती खुंटी काकांनी काढलेली नाही.